मागे बसणाऱ्याला दिसलं पाहिजे

पाणी ओतताना ते पेल्यात बोट धरायचे. बोटाला पाणी लागलं की थांबायचे.

दाराशी आले की चौकटीला एकदा हात लावायचे, मग आत.

खोलीत कुणी आलं की मान वर न करता नाव घ्यायचे. चालण्यावरून. दहातल्या नऊ वेळा बरोबर.

रस्त्यापलीकडून कुणी हात केला तर ओळख द्यायचे नाहीत. जवळ येऊन हाक मारली की मात्र इतके खूश व्हायचे, जणू माणूस परगावाहून आलाय.

घराच्या जिन्याच्या पायऱ्या पुटपुटत मोजायचे. अकरा.

वर्तमानपत्र नाकाला लावून वाचायचे. "शाईचा वास आल्याशिवाय बातमी पटत नाही," म्हणायचे.

मोटरसायकल पाहायला गेले की आधी टाकीवर तळहात ठेवायचे. मग डोळे मिटून इंजिन ऐकायचे.

हे सगळं एम्मेने एका वहीत टिपून ठेवलं होतं. तिने साहित्यात एम.ए. केलं आणि नोकरी मिळाली ती चष्म्याच्या दुकानात, काउंटरवर. डिग्रीवरूनच तिला नाव पडलं. आज ना उद्या काकांवर काहीतरी लिहायचं, असं तिच्या मनात होतं, म्हणून ही टिपणं. टिपणं नेमकी होती. त्या बुधवारनंतर तिने वही उघडली, एक पान वाचलं आणि मिटली.

काका दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायचे. सत्तावीस वर्षं. खोलीत एक लांब टेबल, एक चाक, चाकावर थेंब थेंब पाणी सोडणारी नळी, आणि भिंतीला लागून पत्र्याचे ट्रे. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक ट्रे. त्यात फ्रेम, दोन गोल भिंगं आणि नंबराची चिठ्ठी. काका भिंग डोळ्यापासून दोन बोटांवर धरायचे, बरोबर मध्यावर काळ्या शाईचा ठिपका द्यायचे, मग कड चाकाला लावायचे. भिंग फ्रेममध्ये बसलं की टक् असा आवाज व्हायचा. तो नीट आला नाही तर ते पुन्हा काढायचे. उजवं आधी, डावं नंतर. उजवं बसल्याशिवाय डाव्याला हात नाही. "दोन्ही एकदम घासलीस तर एकाची चूक दुसऱ्यात उतरते," असं त्यांनी एम्मेला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

दुकान डॉक्टरबाईंचं. पुढच्या खोलीत त्या डोळे तपासायच्या. इतर दुकानांनी भिंगं कापायला यंत्रं आणली, यांनी आणली नाहीत. "यंत्राला कान नसतात," त्या म्हणायच्या.

काकांची जुनी मोटरसायकल बावीस वर्षं चालली आणि दोन वर्षांपूर्वी भंगारात गेली. तेव्हापासून नवी कोणती घ्यायची, हे घोंगडं भिजत पडलं होतं. पैसे तयार होते. घाई म्हणाल तर होतीही. सहा महिन्यांत काका निवृत्त व्हायचे होते, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी काकूंना मागे बसवून समुद्राकाठी राहणाऱ्या मेव्हणीकडे जायचं, असं ठरलं होतं. दोन दिवसांचा रस्ता. लग्न झाल्यापासून काकू या सहलीबद्दल ऐकत होत्या. काकांना दुसरं काही नको होतं. एक गाडी, एक रस्ता, मागे काकू.

पण गाडी पसंत पडायची कशी? काका जी आवडली म्हणायचे तिच्यात काकू खोट काढायच्या. हिची सीट उंच. तिला धरायला कडी नाही. तिचा सायलेन्सर पायाला चटका देणार. एक तर त्यांनी नुसत्या आवाजावरून नापास केली. म्हणाल्या, खोकल्यासारखा आहे, दोन दिवस कोण ऐकणार.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," डॉक्टरबाई चहाच्या वेळी म्हणायच्या. "तुमच्या गाडीला अठराशे."

"बाई, तुम्ही डोळे तपासा," काका म्हणायचे. "गाडीची पत्रिका मी बघतो."

मग वसंतात एके दिवशी काकांनी एम्मेला विचारलं, "दुपारच्या सुट्टीत अर्धा तास मोकळी आहेस?"

"कशाला?"

"मागे बसायला. तू आणि काकू एका वजनाच्या. मागे तेवढं वजन असल्याशिवाय गाडी कळत नाही. रिकामी गाडी सगळ्यांनाच गोड लागते."

"माझं वजन काकूंएवढं आहे, हे त्यांना सांगू का?"

"सांग. मग मला गाडीही नको आणि घरही नको."

अशा सात गाड्या झाल्या. शोरूम दुकानापासून जवळ होती. विक्रेता लायसन्स बघायचा, किल्ली द्यायचा आणि म्हणायचा, "पुलापर्यंत एक फेरी. पुढे नको." काका हेल्मेट चढवायचे, गाडीभोवती हात फिरवत एक चक्कर मारायचे आणि बसायचे. हळू चालवायचे. इतकं हळू की सायकलवाले वळून बघायचे.

"बोलत राहा," पहिल्याच दिवशी ते म्हणाले.

"काय बोलू?"

"दिसतंय ते. साहित्य शिकलीस ना? वर्णन कर. पुढे काय, डावीकडे काय, उजवीकडे काय."

एम्मेने सुरुवात केली. "पुढे निळी ताडपत्री घातलेला ट्रक. म्हाताऱ्या हत्तीसारखा डुलत चाललाय."

"हत्ती किती लांब?"

"दोन घरं असेल."

"पुढे काढू का?"

"नको, समोरून सायकल येतेय. तिला जाऊ द्या."

"बरं. तुझ्या हत्तीमागून जाऊ."

तिला हे फार आवडायला लागलं. एम.ए. झाल्यापासून तिच्या वर्णनाची कुणाला गरज पडली नव्हती. घरी वडील म्हणायचे, मुद्द्यावर ये. आणि इथे एक माणूस हँडल धरून विचारत होता, पुढे काय, मग काय, किती लांब. ती रंगात यायची. मग काका म्हणायचे, "उपमा कमी. अंतर जास्त."

हा लेखनावरचा सल्ला आहे असं तिला वाटलं. तो तिने वहीत वेगळ्या शाईने लिहिला.

चौथ्या गाडीच्या वेळी एकदा कठीण प्रसंग आला. पुलाच्या अलीकडे एका गच्चीवर एक आजी लाल चादर झटकत होती, आणि एम्मे त्या चादरीचं वर्णन करत होती. चादर वाऱ्याने फुगते कशी, आजी तिच्याआड दिसेनाशी होते कशी. तेवढ्यात गाडी करकचून थांबली. एम्मेचं नाक काकांच्या पाठीवर आपटलं. पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर एक कुत्रा उभा होता. तो दोघांकडे बघून शांतपणे निघून गेला. काकांचे हात हँडलवरून सुटत नव्हते.

"ब्रेक उशिरा लागतात," शेवटी ते म्हणाले. "ही नको."

ती गाडी बाद झाली.

सातवी मात्र जमली. इंजिनाचा आवाज दाट, गिअर लोण्यासारखे. परत येताना काका शीळ घालत होते. काकूंनी सवयीप्रमाणे सीट उंच आहे म्हटलं, पण या वेळी काकांकडे साक्षीदार होता. "एम्मेचे पाय टेकतात," ते म्हणाले. कुठे टेकले, कसे टेकले, हे त्यांनी घरी सांगितलं नाही. काकू दोन दिवस गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, रंग मी ठरवणार. आणि रंगावर त्यांनी पंधरा दिवस काढले.

त्याच दिवसांत काकांनी काकूंसाठी एक फ्रेम निवडली. तपकिरी, हलकी.

"त्यांचा लांबचा नंबर वाढलाय," ते म्हणाले. "निघायच्या आधी चष्मा झाला पाहिजे."

"काकू तर मागे बसणार. त्यांना लांबचं कशाला?"

"मागे बसणाऱ्याला दिसलं पाहिजे," काका म्हणाले. "पुढचा काय, हँडल धरून बसलेला असतो."

एम्मे खळखळून हसली. हेही तिने लिहून ठेवलं.

आता एकच काम उरलं होतं. काकांच्या लायसन्सची मुदत महिन्याभरात संपत होती. नवं करायला डोळ्यांचा दाखला हवा होता. तो द्यायच्या डॉक्टरबाई, म्हणजे घरचंच कार्य. पाच वर्षांपूर्वी त्यांनीच दिला होता.

बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काका चाक बंद करून, हात पुसून पुढे आले आणि तपासणीच्या खुर्चीत बसले. एम्मे फॉर्म घेऊन दारात उभी होती. डॉक्टरबाईंनी त्यांचा उजवा डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्याचा दिवा लावला.

"वाचा. उगीच आपला नियम."

"च," काका म्हणाले. "ट, र. प, व, क. न, ग, ख, स. ल, द, म, न, प."

एका दमात. पाढे म्हटल्यासारखं.

डॉक्टरबाई हसल्या. "थट्टा पुरे, काका. नीट वाचा."

काकांनी पुन्हा म्हटलं. या वेळी सावकाश, प्रत्येक अक्षरावर जरा थांबत, बारीक अक्षरांना तर डोळे किलकिले करत. "च. ट, र. प, व, क."

डॉक्टरबाईंचं हसू तोंडावरच राहिलं.

जुना तक्ता पिवळा पडला होता. सोमवारी तो एम्मेने स्वतः खिळ्यावरून काढला होता आणि नवा लावला होता. नव्या तक्त्यावर सगळ्यात वर, तळहाताएवढं, म होतं. च कुठेच नव्हतं. मागच्या खोलीत कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलंच नव्हतं. भिंगं घासणाऱ्याला तक्त्याशी काय करायचंय?

"काका," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज वेगळाच होता. "वरचं एकच वाचा. सगळ्यात मोठं."

काका पुढे झुकले. खुर्ची कुरकुरली.

"तक्ता बदललात?" काकांनी विचारलं.

"म असेल," ते म्हणाले. "म किंवा भ."

डॉक्टरबाईंनी मग दिवे मालवून, यंत्राला डोळा लावून, दोन्ही डोळे पाहिले. अर्धा तास. एकदाही विनोद केला नाही. डोळ्याच्या पडद्याची झीज, त्या म्हणाल्या. जुनी. जवळचं दिसतं, लांबचं विरघळून जातं, आणि त्याला जगात कुठलंही भिंग नाही. फॉर्म त्यांनी एम्मेच्या हातातून घेतला आणि कोराच खणात ठेवला.

काका उठले आणि मागच्या खोलीत गेले. जाताना चौकटीला हात लावला.

एम्मे त्यांच्या मागून गेली. काका बंद चाकासमोर बसले होते. नळीतून पाणी ठिबकत होतं.

"काका," ती म्हणाली, "पुलापर्यंत आपण सात वेळा गेलो."

"चौदा. जाऊन येऊन."

"तुम्हाला काय दिसत होतं?"

"तू सांगायचीस ते." त्यांनी नळी बंद केली. "छान सांगायचीस. पुलाचा कठडा कुठे संपतो ते दर वेळी सांगितलंस. एकदाही चुकली नाहीस. कुत्रा सोडून."

एम्मेने टेबलाची कड धरली. लाल चादर तिला दिसली. फुगलेली, वाऱ्यावर. त्या चादरीवर तिने किती वाक्यं खर्च केली होती.

"ब्रेक उशिरा लागतात म्हणालात."

"ब्रेक चांगले होते तिचे. म्हणून तर वाचलो." त्यांनी चाकावरची पूड बोटाने पुसली. "चांगली गाडी होती. उगाच बाद केली."

"मी मेले असते, काका."

"हो," काका म्हणाले.

त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला ओरडता आलं असतं.

"किती वर्षांपासून?"

"पाच-सहा. जुन्या गाडीला अडचण नव्हती. घर ते दुकान, दुकान ते घर. रस्ता पाठ होता." मग हळूच, "समुद्राकडचा पाठ नाही."

डॉक्टरबाईंनी एम्मेला त्यांच्यासोबत घरी जायला सांगितलं. वाटेत काकांनी तिचा हात धरला नाही. तिने एकदा तोंड उघडलं, समोर खड्डा आहे म्हणायला, आणि मिटलं. खड्डा काकांनीच चुकवला. रोजचा रस्ता होता. जिन्यात ते पुटपुटले, अकरापर्यंत.

काकू घरी कपडे शिवून द्यायच्या. दार उघडलं तेव्हा गळ्यात टेप होती, हातात कात्री. काका काही न बोलता आतल्या खोलीत गेले. काकूंनी एम्मेकडे पाहिलं आणि मशीनवरचं कापड बाजूला केलं.

"दाखला मिळाला नाही ना?"

एम्मेने मान हलवली.

"सुटले," काकू म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "दोन वर्षं सीट उंच, सीट उंच करत बसले. गाड्या संपेनात, माझ्या खोटी संपत आल्या. रंगावर आणखी किती दिवस काढणार होते? सगळे रंग बघून झाले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"या घरात सहा वर्षांत खुर्ची हललेली नाही, बाई. बघ." एम्मेने पाहिलं. खुर्चीच्या पायांखाली फरशीवर चार फिकट वर्तुळं पडली होती. "ते म्हणाले नाहीत, मी विचारलं नाही. नवऱ्याच्या तोंडावर कसं म्हणायचं, तुम्हाला दिसत नाही म्हणून? त्यापेक्षा सीट उंच म्हटलेलं बरं." त्यांनी गळ्यातली टेप काढली. "गाड्या बघायला जाऊ दे म्हटलं. शोरूममध्ये उभ्या गाडीवर बसतात, हात फिरवतात, परत येतात. तेवढंच मन रमतं."

"उभ्या नव्हत्या," एम्मे म्हणाली.

"काय?"

"गाड्या. मी मागे बसायचे. तुमच्याएवढं वजन हवं म्हणाले. सात गाड्या. पुलापर्यंत."

काकूंनी कात्री मशीनवर ठेवली. अगदी हळू, आवाज होऊ न देता.

"चालवत कोण होतं?" त्यांनी विचारलं.

काकू एम्मेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि एम्मेचा दंड चाचपला, खांदा चाचपला, जसं पडलेल्या मुलाला लागलं का ते बघतात तसं. मग उठल्या, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. काका पलंगाच्या कडेला बसले होते, हात गुडघ्यांवर. काकू दारातच उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत, मागेही फिरल्या नाहीत.

"तू जा," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "घरी आईला भेट. जा."

गुरुवारी काका आले नाहीत. शुक्रवारीही नाही. डॉक्टरबाईंनी निरोप पाठवला की जवळचं काम करायला काही हरकत नाही, जागा तुमचीच आहे. काकूंनी फोनवर सांगितलं, "बसलेत." एवढंच. दुसऱ्या आठवड्यात शोरूममधून विक्रेत्याचा फोन आला. गाडी बाजूला ठेवली आहे, रंग तेवढा कळवा. एम्मे म्हणाली, कळवते. आणि रिसीव्हर ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की काय कळवायचं ते तिला ठाऊक नाही.

ती आता बसनेच यायची. खिडकीशी बसायची नाही. बसली तर मनातल्या मनात सुरू व्हायचं, पुढे ट्रक, दोन घरं, डावीकडे सायकल, आणि थांबवता यायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात भिंगं घासायला बाहेर पाठवायचं ठरलं. डॉक्टरबाईंनी एम्मेला मागची खोली आवरायला सांगितली. टेबलावर पांढरी पूड वाळून बसली होती. ट्रे तिने एक एक उचलले, चिठ्ठ्या ताडून पाहिल्या, बांधून ठेवले. शेवटचा ट्रे नळीच्या मागे होता. त्यावर गिऱ्हाइकाचा क्रमांक नव्हता. चिठ्ठीवर काकांच्या मोठ्या अक्षरात लांबचा नंबर होता आणि त्याच्या वर नुसतं 'सौ.'

आत तपकिरी फ्रेम होती. उजवं भिंग बसवलेलं होतं. तिने बोटाने दाबून पाहिलं, हललं नाही. डावं शेजारी पडलं होतं, अजून गोल, मध्यावर काळ्या शाईचा ठिपका. ते घासायचं राहिलं होतं.